आसनांना मोजमाप लावणारे गुणे मास्तर

मैत्रिणींनो, सुरुवात माझ्यापासूनच करते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या कोलाडला बचत गटांच्या बायकांसाठी आरोग्य तपासणी ठेवली होती. ठेवली होती म्हणजे आम्हीच ठेवली होती. खुर्च्या मांडणं, नावं लिहिणं, रांग सरळ करणं, सगळं माझ्याकडे. बाहेर पावसाची झड, आत साठ-सत्तर बायका, छत्र्यांचं पाणी वर्गभर. शेवटची बाई उठली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ताई, आता तुम्ही बसा. मी हसत हसत हात पुढे केला. आकडा आला १४८ वर ९४.

मी म्हटलं, मशीन बिघडलंय.

मशीन बिघडलं नव्हतं. सिस्टरनी पाच मिनिटं गप्प बसवलं आणि परत मोजलं, तरी दोन-तीन अंकांचाच फरक. मग डॉक्टरांनी सांगितलं की एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला बीपीची पेशंट ठरवत नाहीत. दोन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाठ टेकून बसा, हात काळजाच्या उंचीवर टेबलावर ठेवा, बोलू नका. (हे शेवटचं मला सगळ्यात कठीण गेलं.) तीन दिवसांची सरासरी आली १४४ वर ९२. साखर, लघवी, कार्डिओग्राम ठीक. डॉक्टर म्हणाले, तुमचं थोडंच वाढलेलं आहे, दुसरा काही आजार नाही, तीन महिने देतो. मीठ, वजन, चालणं, झोप आणि जमत असेल तर योगासनं. तीन महिन्यांत उतरलं नाही तर गोळी सुरू करायची, आणि तेव्हा कुरकुर करायची नाही.

मी खूश होऊन घरी आले. पण रात्री झोप लागेना, कारण डोळ्यांसमोर आमच्या गटातल्या काकू येत होत्या.

काकूंचं बीपी माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त, आठ वर्षांची गोळी. कुठल्याशा योगवर्गात त्यांना कुणीतरी सांगितलं की रोज आसनं करा आणि गोळ्या नदीत टाका. काकूंनी खरंच बंद केल्या. चार-पाच महिने एकदम मजेत, चेहऱ्यावर तेज वगैरे. मोजायला मात्र कुठे गेल्या नाहीत. आणि एका सकाळी चुलीपुढून उठताना उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. आज त्या काठी घेऊन चालतात. बोलतात, पण शब्द शोधत.

तर माझ्यापुढे प्रश्न असा की, योगाने बीपी उतरतं हे खरं, की काकूंना फसवलं तेच खरं? घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी कसलं बीपी नि कसलं काय. यजमान म्हणाले, सरळ गोळी सुरू कर. मी कला शाखेची पदवीधर, इतिहास घेऊन बी. ए. झालेली. अडलं की मी पुस्तकाकडे जाते. रोह्याहून, पेणहून जे मिळेल ते आणून वाचायला लागले आणि त्या वाचनात मला भेटले स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक म्हणून नाव ऐकून होते. भगवी वस्त्रं, दाढी, ध्यान अशी काहीतरी मूर्ती मनात होती. प्रत्यक्षात निघाले एक मराठी मास्तर, आयुष्यभर हातात मोजमाप धरलेले.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेत बडोद्याजवळच्या डभोई गावी. वडील शिक्षक, घर गरिबीचं. शिक्षण कसं झालं असेल ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको, याच्या-त्याच्या मदतीवर आणि स्वतःच्या हिकमतीवर. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतातली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या काळी ती मिळणं म्हणजे सगळ्या मुंबई इलाख्यात नाव होणं. मग बडोद्याचं कॉलेज. श्री अरविंद त्या दिवसांत तिथे शिकवत होते आणि लोकमान्य टिळकांचं राजकारण तरुणांच्या डोक्यात घुमत होतं. गुण्यांनीही ठरवलं की लग्न करायचं नाही, देशाचं काम करायचं.

बडोद्यात त्यांना पहिले गुरू मिळाले ते तालमीतले. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं गुण्यांनी त्यांच्याकडे देशी व्यायाम शिकून घेतला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे योगाचं काम करताना या माणसाने शरीराला कधी कमी लेखलं नाही, ते इथे घामाने शिकल्यामुळे.

पदवी घेतल्यावर ते खानदेशात अमळनेरला गेले. तिथल्या खानदेश शिक्षण संस्थेत १९१६ पासून शिकवलं, पुढे राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य झाले. खेड्यापाड्यांतून हिंडताना लोकांचं अज्ञान आणि अंधश्रद्धा त्यांनी जवळून पाहिली, आणि शिक्षणाशिवाय गत्यंतर नाही हे मनात पक्कं झालं. पण राष्ट्रीय कॉलेज इंग्रज सरकारला खुपणारच. १९२३ मध्ये ते बंद पडलं.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडून गेली होती. नर्मदेच्या काठी, बडोद्याजवळ मालसर इथे परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध बंगाली योगी राहत असत. १९१९ साली गुणे त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्याकडून योग शिकले. आता इथे दुसरा कुणी असता तर गुरूने सांगितलं ते डोळे मिटून घेतलं असतं आणि पुढे तसंच सांगितलं असतं. गुण्यांची श्रद्धा गुरूवर पूर्ण, त्यात शंका नाही. पण मास्तरकी हाडात मुरलेली. गुरूने शिकवलेल्या क्रियेने शरीरात नक्की काय होतं हे त्यांना बघायचं होतं. अनुभवावर विश्वास होताच, पण तो दुसऱ्यालाही दाखवता आला पाहिजे हा त्यांचा हट्ट.

म्हणून १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी काय केलं? आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन ते बडोद्याच्या हॉस्पिटलात गेले आणि उड्डियान आणि नौली या दोन क्रियांची एक्स-रेखाली तपासणी केली. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण सोडून पोट आत खेचून घेणं, नौली म्हणजे पोटाचे स्नायू दोरखंडासारखे उभे करून फिरवणं. आपल्याला वाटतं, पोट आत गेलं म्हणजे आत सगळं दाबलं जात असेल. गुण्यांनी मोठ्या आतड्यातला दाब यंत्राने मोजला तर उलटंच निघालं. नौलीत आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, थोडी पोकळी तयार होते. योगी लोक पिचकारीशिवाय आतड्यात पाणी ओढून घेतात, त्या चमत्कारामागे ही साधी पोकळी. या पोकळीला त्यांनी गुरूचं नाव दिलं, माधवदास पोकळी. गुरुदक्षिणा म्हणाल तर अशी, गुरूची विद्या एक्स-रेखाली घातली आणि जे सापडलं त्याला गुरूचंच नाव ठेवलं!

ऑक्टोबर १९२४ मध्ये, दसऱ्याच्या मुहूर्तावर, लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं. गुणे आता स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच महिन्यात त्यांनी योगमीमांसा हे इंग्रजी नियतकालिक काढलं. त्याची रचना मला आवडली. एक भाग शास्त्रज्ञांसाठी, त्यात प्रयोग आणि आकडे. एक भाग थोडंफार शास्त्र समजणाऱ्यांसाठी. आणि एक भाग तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी, आसन कसं करायचं ते चित्रांसकट. म्हणजे संशोधन करायचं, पण ते सामान्य माणसाच्या अंथरुणापर्यंत पोचवायचं.

आता आपल्या विषयाकडे येते. १९२६ च्या योगमीमांसेत रक्तदाबाचे प्रयोग छापून आले. सर्वांगासन आणि मत्स्यासन करणाऱ्याचा रक्तदाब आसनाच्या आधी किती, आसन चालू असताना किती, नंतर किती. विचार करा, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची पद्धत इटलीतल्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये शोधली, आणि नळी कानाला लावून वरचा-खालचा आकडा ऐकायची युक्ती रशियातल्या कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये. त्याला पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. आपल्या तालुक्याच्या गावातसुद्धा ते यंत्र कुणी पाहिलेलं नसेल. आणि इथे लोणावळ्याच्या माळावर एक संन्यस्त माणूस पाय वर केलेल्या विद्यार्थ्याच्या दंडाला पट्टा बांधून पारा बघतोय.

त्यांचं म्हणणं असं होतं की आसन म्हणजे दंड-बैठकांसारखा स्नायूंचा व्यायाम नव्हे. आसनाचं खरं काम मज्जासंस्थेवर आणि शरीरातल्या ग्रंथींवर होतं, म्हणून ते दमवणारं नसावं, सुखाने टिकवता यावं. हे वाचलं आणि मला आमच्या हॉलमधल्या वर्गाची आठवण झाली. गाणं लावून धापा टाकत शंभर-शंभर सूर्यनमस्कार! व्यायाम म्हणून वाईट नाही, पण ज्या बाईचा आकडा वाढलाय तिला पहिल्याच दिवशी तसं पळवणं बरं नव्हे.

माझी एक तक्रार मात्र आहे. त्या सगळ्या प्रयोगांत बहुतेक तरुण विद्यार्थी. चाळिशी उलटलेली, पाळी अनियमित झालेली, पहाटे पाचला पाणी भरणारी, दोन डबे करून मग शेतावर किंवा कामावर जाणारी बाई त्या कोष्टकांत कुठे नाही. तो काळ तसा होता हे मान्य, पण राहिलं ते राहिलंच.

आणि मग १९२७ साल येतं. मार्च महिना. महात्मा गांधी खादीसाठी दौरा करत कोल्हापूर-निपाणी भागात आले होते. वय सत्तावन. रोज अनेक सभा, प्रवास, रात्रीचं जागरण. शरीर कोलमडलं. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, दौरा थांबवायला लावला आणि एप्रिलमध्ये त्यांना म्हैसूर संस्थानातल्या नंदी डोंगरावर विश्रांतीला नेलं. याच काळात गांधीजींचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार सुरू झाला. शवासनापासून सर्वांगासनापर्यंत काय करावं, किती वेळ करावं, केल्यावर काय वाटलं, याची विचारणा आणि मार्गदर्शन पत्रांतून चाले. गांधीजी प्रयोगवेडे, स्वामी मोजमापवेडे. दोघांचं जमलं नसतं तरच नवल.

यातली एक गोष्ट आपण विसरतो. १९२७ मध्ये रक्तदाबावर गोळीच नव्हती! डॉक्टरांकडे सांगण्यासारखं होतं ते एवढंच, विश्रांती घ्या, हलकं खा, काळजी करू नका. रोज घेता येतील अशा चांगल्या गोळ्या यायला १९५० नंतरची वर्षं उजाडावी लागली. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाचा माणूस, हाताशी हवे तेवढे डॉक्टर. रक्तदाब वाढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. कुणी काही करू शकलं नाही. त्या जगात गांधीजींनी आसनांकडे वळणं आणि आज काकूंनी हातातली गोळी नदीत टाकणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. मी हे आमच्या गटात सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

कैवल्यधामाचा व्याप पुढे वाढत गेला. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला शाखा निघाली, १९३६ मध्ये ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर गेली. आपल्या जिल्ह्याशीही त्यांचा धागा आहे बरं का. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. त्याच सुमाराला अलिबागजवळ कनकेश्वरला स्वामींनी साधनेसाठी एक केंद्र काढलं होतं. कनकेश्वराच्या पायऱ्या आपण श्रावणात चढतो, धापा टाकतो, देवळात टेकतो, आणि हे कुणाला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

परदेशातून माणसं यायला लागली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्राचं संशोधन करणारे के. टी. बेहनन हे मूळचे भारतीय गृहस्थ स्वामींकडे येऊन शिकले आणि १९३७ मध्ये त्यांचं योगाच्या शास्त्रीय परीक्षणावरचं पुस्तक निघालं. १९३७-३८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका जोसेफिन रॅथबोन लोणावळ्याला आल्या. या बाईंचा पुढे आवडीचा विषय काय, तर शरीर सैल सोडणं, विश्रांती. मला फार बरं वाटलं वाचून. त्या काळी एक बाई समुद्र ओलांडून घाटावर आली, ती विश्रांती म्हणजे काय हे समजून घ्यायला! आणि आपण दुपारी पंधरा मिनिटं आडवं पडलो तर आपल्यालाच अपराधी वाटतं.

१९४४ मध्ये संशोधनासाठी वेगळी संस्था, १९५१ मध्ये योग शिकवणाऱ्यांना तयार करणारं कॉलेज, आणि १९६१ मध्ये योगोपचाराचं रुग्णालय. रुग्णालय निघालं तेव्हा स्वामींचं वय अठ्ठ्याहत्तर. १९६३ मध्ये डॉक्टर विनेकरांबरोबर त्यांनी योगोपचारांवर पुस्तक लिहिलं. सोबतीला डॉक्टर घेतला, हे लक्षात घ्या. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. सिद्धी, चमत्कार, असाध्य रोग बरे केल्याच्या जाहिराती, यातलं काही मागे ठेवलं नाही. ठेवलं ते प्रयोगाचे कागद आणि शिष्य.

त्यांच्यानंतर तीन वर्षांनी जे घडलं, ते मी त्यांच्याच चरित्राचा भाग मानते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर के. के. दाते यांनी ४७ रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्याचा निष्कर्ष १९६९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. लेखकांमध्ये कैवल्यधामाचे तेच डॉक्टर विनेकर होते. काहींना गोळी नव्हती, काहींना होती आणि आकडा ताब्यात होता, काहींना गोळी असूनही आकडा ऐकत नव्हता. साधारण निम्म्या रुग्णांना चांगला फायदा झाला, गोळी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा डोस डॉक्टरांना कमी करता आला. निम्म्यांना! म्हणजे उरलेल्या निम्म्यांना तेवढा नाही झाला, हेही छापलं. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये चंद्रा पटेल या भारतीय वंशाच्या डॉक्टरीणबाईंनी वीस रुग्णांवर शवासनासारखाच प्रयोग केला, तिथेही रक्तदाब उतरलेला दिसला. त्यानंतर बरेच अभ्यास झाले. आज सगळ्यांचं मिळून सांगायचं तर नियमित योगाने वरचा आकडा सरासरी चार-पाचने उतरतो. रोज झपझप चालण्याने उतरतो साधारण तेवढाच. माझ्यासारखीला, जिचं काम आठ-दहा अंकांत भागणार आहे, तिला चालणं, मीठ आणि शवासन मिळून पुरू शकतं. काकूंचा आकडा होता १८० च्या घरात. तिथून चार-पाच उतरून काय होणार होतं?

मला माझं उत्तर मिळालं होतं. खोटा योग नव्हता आणि खोटी गोळीही नव्हती. काकूंना कुणी मोजायलाच सांगितलं नव्हतं.

मग मी काय केलं ते सांगते. पहिलं मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, त्यात आमटी-भाजीपासून सगळं आलं. माझ्या घरातलं मीठ चमच्याने मोजायला गेले तेव्हा कळलं की मीठ डब्यात कमी आणि बाकी ठिकाणीच जास्त आहे. पावसाळ्यात ताजी मासळी नाही म्हणून सुकट नि सुके बोंबील, पेणचे पापड, कैरीचं लोणचं, दुपारच्या ताकात चिमूटभर. कोकणातल्या बाईला सुकट सोड म्हणणं म्हणजे माहेर सोड म्हणण्यासारखं. मी सोडली नाही. आठवड्यातून एकदा, पाण्यात दोनदा भिजवून, पाणी ओतून, आणि त्या कालवणात वरून मीठ नाही. पापड सणाला. लोणच्याचा जाडीचा बरणीसकट माळ्यावर मुक्काम.

दुसरं चालणं. पहाटे कुंडलिकेच्या बाजूने अर्धा तास. भिऱ्याचं पाणी सुटलं की नदी भरून येते आणि सुट्टीच्या दिवशी रबरी होड्यांत बसायला मुंबईची माणसं गर्दी करतात. त्यांच्या आधी नदी आमची असते. पहिल्या आठवड्यात मी एकटी होते, महिन्याने आम्ही सात जणी.

तिसरं शवासन आणि साधे श्वास. वीस मिनिटं, संध्याकाळी दिवा लावल्यानंतर. उताणं पडायचं, पाय थोडे लांब, तळवे आकाशाकडे, श्वास बाहेर जातो तो थोडा लांबवायचा, रोखून धरायचा नाही. सर्वांगासन, शीर्षासन मी करत नाही. आकडा वाढलेला असताना डोकं खाली करायची आसनं आणि श्वास कोंडणं डॉक्टरांना आणि जाणत्या योगशिक्षकांना विचारल्याशिवाय करू नये. घरात पहिले चार दिवस माझं शवासन बघून धाकट्याला हसू आवरेना. आई झोपली म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. पाचव्या दिवशी मी दार आतून लावून घेतलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वीस मिनिटं दार लावलं, असं नंतर लक्षात आलं.

आणखी एक. आमच्या गटात पाच-सहा जणी मिश्री लावतात. दात साफ होतात म्हणे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्याने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. मोजायच्या आधी मिश्री लावून आलेल्या बाईचा आकडा बघून सिस्टर आता आधी तोंड धुवून या म्हणतात. दोघींनी सोडली. बाकीच्या प्रयत्न करतात. त्यांना बोलून मी दुखवत नाही, कारण माझा चहा अजून सुटलेला नाही.

तीन महिन्यांनी माझी सरासरी आली १३२ वर ८४. वजन चार किलोने उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळी नको, पण दर महिन्याला मोजायचं, आणि पुन्हा चढलं तर गोळी. मी हो म्हटलं. या दोन वर्षांत एकदा चढलंही, मुलीच्या लग्नाच्या महिन्यात, १४२. त्या महिन्यात ना चालणं होतं ना दार लावणं, आणि जेवणावळीचं मीठ काय विचारता.

गेल्या हिवाळ्यात गटाची सहल काढली. नागोठणे, पाली, बल्लाळेश्वराचं दर्शन, मग खोपोलीवरून घाट चढून लोणावळा. चिक्कीच्या दुकानांपाशी उतरायच्या आधी मी गाडी कैवल्यधामाकडे वळवायला लावली. बायका कुरकुरल्या. आत गेल्यावर मात्र त्या झाडांच्या शांततेत आपोआप हळू बोलायला लागल्या. मी त्यांना गुणे मास्तरांची ही सगळी गोष्ट तिथेच एका कट्ट्यावर बसून सांगितली, एक्स-रेची, पट्ट्याची, गांधीजींच्या पत्रांची. काकूही होत्या. काठी मांडीवर आडवी ठेवून शेवटपर्यंत ऐकत होत्या. गाडीत चढताना त्यांनी मला विचारलं, शब्द शोधत शोधत, की तिथे लोणावळ्यात त्या मुलांचं बीपी मोजून वहीत लिहीत होते ना?

परत आल्यावर आम्ही बचत गटाच्या पैशांतून मशीन घेतलं, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नव्हे. आणि एक दोनशे पानी वही. दर गुरुवारी हप्ते गोळा करायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग एकेकीचं मोजायचं. कुणाचं १६० च्या वर दिसलं की दुसऱ्या दिवशी रोह्याला डॉक्टरांकडे, बरोबर एकजण जायचं. डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येते, हात-पाय बधिर वाटतो असं काही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाटसुद्धा बघायची नाही.

वहीत पहिलं नाव काकूंचं आहे. त्या गोळी घेतात आता, रोज, न चुकता, आणि भिंतीला टेकून श्वासही करतात. गुरुवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसतात आणि डाव्या हाताची बाही स्वतःच वर करून ठेवतात.